राजघराण्यापर्यंत वंशावळ नेता येते का? मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"आम्ही मूळचे देवगिरीचे यादव", "आमचे पूर्वज बिंबराजाबरोबर माहीमला आले", "शहाण्णव कुळींत आमचे नाव आहे" असे मुंबईतल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्यातले कागदावर किती आणता येते, सुरुवात कुठून करायची, कोणते दप्तर कुठे मिळते आणि घोडे नेमके कुठे अडते, याविषयी नेहमी येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे.

मध्ययुगीन राजघराण्यापर्यंत पुराव्यानिशी पोहोचता येते का?

आधी मध्ययुग कोणते ते ठरवा. महाराष्ट्रापुरते त्याचे सरळ दोन भाग पडतात. पहिला शिलाहार आणि देवगिरीच्या यादवांचा. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्य संपले. दुसरा भाग बहमनी, निजामशाही, आदिलशाही आणि शिवकालाचा. या दुसऱ्या भागातल्या देशमुख, पाटील, सरदार किंवा संस्थानिक घराण्याशी नाते कागदाने सिद्ध करणे अवघड असले तरी शक्य आहे. पहिल्या भागापर्यंत कागदांची अखंड साखळी लावणे जवळजवळ अशक्य आहे. याचा दोष तुमच्या घराण्याकडे जात नाही. साधारण १३१८ ते १६०० या काळातले गावपातळीचे मराठी कागद फारच थोडे उरले आहेत.

किती पिढ्या मागे जावे लागते?

एका पिढीला सरासरी २५ ते ३० वर्षे धरा. २७ वर्षे धरली तर २७ पिढ्यांची ७२९ वर्षे होतात, म्हणजे २०२५ मधून मोजत गेल्यास आपण बरोबर १२९६ मध्ये, खिलजीच्या स्वारीच्या वर्षी पोहोचतो.

हा हिशेब हाती आलेली वंशावळ तपासायलाही कामी येतो. कुणी रामदेवराय यादवापासून तुमच्या १९०० साली जन्मलेल्या पणजोबांपर्यंत बाराच नावे दाखवली, तर एका पिढीला जवळपास पन्नास वर्षे पडतात. अशी वंशावळ तुटलेली तरी असते, नाहीतर बनवलेली. उलट शंभर वर्षांत सात-आठ पिढ्या बसवल्या असतील, तर भावाभावांना बापलेक केलेले असते.

सुरुवात कुठून करायची?

स्वतःपासून, आणि एकेक पायरी मागे. राजापासून खाली यायला निघालेला माणूस हमखास चुकतो. राजाला मुले अनेक, त्यांना मुले अनेक, आणि त्यांतले एखादे नाव आपल्या पूर्वजाच्या नावाशी जुळतेच.

मुंबईतल्या घरी पहिल्यांदा हे शोधा: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुने रेशनकार्ड, गिरणीतली नोकरीची आणि प्रॉव्हिडंट फंडाची कागदपत्रे, चाळीच्या भाडेपावत्या, लग्नपत्रिका, देव्हाऱ्यातल्या टाकांबरोबर ठेवलेल्या चिठ्ठ्या. शाळेच्या दाखल्यापेक्षा शाळेचे जनरल रजिस्टर जास्त बोलते, कारण त्यात मूळ गाव, जात, पालकाचे नाव आणि आधीची शाळा असते. महापालिकेच्या जुन्या शाळांत ते अजून मिळते. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर कोणत्या शाळेत वर्ग केले ते वॉर्डच्या शिक्षण विभागात विचारा. जन्ममृत्यूच्या नोंदी महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात मिळतात, पण साल आणि तेव्हा कुटुंब कोणत्या भागात राहत होते ते सांगता आले पाहिजे. "१९३०च्या आसपास, लालबाग" एवढ्यावर कर्मचारी तरी काय शोधणार?

घरातल्या ज्येष्ठांशी बोलताना "आपण कुठले?" एवढ्यावर थांबू नका. कुलदैवत कोणते, जत्रेला कोणत्या गावी जातो, देवक काय, पालखीचा किंवा होळीचा मान कुणाचा, भावकीत सुतक कुणाकुणाचे धरतो, हे विचारा. सुतक कुठवर धरले जाते त्यावरून भावकीचा परीघ कळतो, आणि चुलत घराण्यांकडे अनेकदा आपल्यापेक्षा जास्त कागद असतात.

आडनाव मुंबईत बदलले असेल तर?

कोकणातल्या घरांत हे फार झाले. गिरणीत किंवा शाळेत नाव घालताना गावाच्या नावाला "कर" जोडून आडनाव लिहिले गेले आणि गावी मात्र तेच घराणे कदम, सावंत किंवा राणे म्हणून नोंदलेले राहिले. म्हणून गावच्या कागदात आडनाव शोधू नका. आजोबा, पणजोबा आणि वाडी अशी नावांची जोडी शोधा. जुन्या नोंदींत आडनाव नसतेच कितीदा. "गणोजी बिन राघोजी" किंवा "गणोजी वलद राघोजी" एवढेच असते. बिन आणि वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. बायकांपुढे "कोम" येते, म्हणजे अमक्याची बायको: "भागीबाई कोम गणोजी". हे तीन शब्द ओळखता आले की निम्मे रजिस्टर वाचता येते.

गावाकडे कोणते कागद मागायचे?

सातबारा सगळ्यांना ठाऊक असतो, पण वंशावळीसाठी तो सर्वांत कमी उपयोगाचा. हवे असतात ते फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. "अमुक मयत, वारस मुलगे तीन" अशी नोंद त्यातच सापडते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला, त्यामुळे फेरफारांची साखळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जाते. त्यामागे जायला जुन्या मोजणीच्या वेळचे सूड आणि कडईपत्रक, म्हणजे जमीन आणि खातेदारांची नोंदपत्रके, मागा. गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्ममृत्यूची नोंदवही, हाही मोठा ठेवा आहे. कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत २०२३पासून अशा अनेक वह्या धूळ झटकून बाहेर आल्या आणि काही जिल्ह्यांनी त्या स्कॅन करून ठेवल्या.

अर्ज तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात करायचा. अर्जात गाव, तालुका, गट किंवा सर्व्हे नंबर आणि सालांचा पट्टा लिहा. "आमच्या घराण्याचे सर्व कागद" असा अर्ज परत येतो. "मौजे अमुक, फेरफार रजिस्टर, १९१० ते १९३५" असा अर्ज चालतो. मोजणीचे कागद भूमी अभिलेख कार्यालयात असतात. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. मुंबईहून रजा काढून गावी निघण्याआधी ते एकदा बघून घ्यावे.

कोकणात खोती १९४९च्या कायद्याने गेली. घराणे खोतांचे असेल तर त्या वेळच्या नुकसानभरपाईच्या फायली पाहा. घाटावर परगणा आणि कुलकर्णी वतने १९५०च्या कायद्याने संपली, महार वतनासारखी कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८च्या आणि पाटीलकी १९६२च्या कायद्याने. वतन जाताना वतनदार कोण आणि त्याचे तक्षिमदार (वाटेकरी) भाऊबंद कोण, हे सरकारला लिहून ठेवावेच लागले.

१८५०च्या मागे कसे जायचे?

सगळ्या शोधात उजवी जागा हीच. इंग्रजांनी सारामाफीच्या जमिनींची चौकशी करायला इनाम कमिशन नेमले आणि १८५२च्या ११व्या कायद्याने त्याला अधिकार दिले. इनाम पुढे चालवायचे की सरकारजमा करायचे, हे मूळ सनद कुणाची आणि किती पिढ्या ताबा सलग आहे यावर ठरायचे. म्हणून दावेदाराकडून कैफियत (घराण्याची लेखी हकीकत) आणि वंशावळ लिहून घेतली गेली. महाराष्ट्रातल्या हजारो घराण्यांच्या पाच-सहा पिढ्या अशा एका फटक्यात कागदावर आल्या. १८५५च्या सुमाराची वंशावळ सहा पिढ्या मागे गेली तर आपण थेट १७०० सालाच्या आसपास पोहोचतो.

पण ही वंशावळ दावेदाराने आपली जमीन वाचवायला दिलेली आहे, हे वाचताना विसरू नये. दत्तक मुलगा औरस म्हणून लिहिणे, निपुत्रिक गेलेल्या भावाला गाळणे, मूळपुरुष आणखी दोन पिढ्या मागे ढकलणे, हे सगळे त्यात आढळते. म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेने दिलेली कैफियत मिळते का पाहा. दोघांचे भांडण असेल तर फारच चांगले, कारण भांडणाऱ्या भाऊबंदांनी एकमेकांची खोटी नावे स्वतःच उघडी पाडलेली असतात.

त्याच्याही मागे महजर (गोतसभेच्या निर्णयाचे साक्षीनिशी लिहिलेले कागद), निवाडे, वतनपत्रे आणि वाटणीपत्रे येतात. पाटीलकीचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे वतनदार आणि गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे, गेला की वादी-प्रतिवादी आपापल्या पिढ्या सांगत आणि पंच ते लिहून ठेवत. महजराखाली गावकऱ्यांच्या सह्या असतात. ज्याला लिहिता येत नसे तो निशाणी करी: पाटलाचा नांगर, सुताराचे हत्यार, आणि शेजारी कुलकर्ण्याच्या अक्षरात त्याचे नाव. आपले घराणे कधी सरदार नव्हते म्हणून हा कागद सोडू नका. साक्षीला आलेले महार, लोहार, न्हावी, परीट यांची नावे सतराव्या शतकापासून याच ठिकाणी मिळतात, आणि कित्येकांची फक्त याच ठिकाणी.

हे कागद मुंबईत मिळतात का?

थोडे. मुंबईच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १८२१ची. काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत त्याचे घर आहे. इथे मुख्यतः इलाखा सरकारचे इंग्रजी दप्तर आहे: महसूल खाते, राजकीय खाते, संस्थानांशी झालेला पत्रव्यवहार. घराण्याला पेन्शन, जहागीर किंवा दत्तकाची मंजुरी मिळाली असेल तर ती फाईल इथे शोधा. मोडी कागदांसाठी मात्र पुण्याला जायला हवे. पेशवे दप्तर आणि इनाम कमिशनचे कागद पुणे पुराभिलेखागारात आहेत. करवीर राज्याचे दप्तर कोल्हापूरला. पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे (स्थापना १९१०) घराण्यांकडून आलेल्या कागदांचा मोठा संग्रह आहे.

जाताना ओळखपत्र, विषय लिहिलेला अर्ज, पेन्सिल आणि कोरी वही न्या. शाईचे पेन बाहेर ठेवायला सांगतात. दप्तर रुमालांत बांधलेले असते आणि मागणी रुमालाच्या क्रमांकाने करायची असते. तो क्रमांक सूचीतून काढावा लागतो. सूची आडनावाप्रमाणे क्वचितच लागते. ती प्रांत, तर्फ (गावांचा गट), मौजे किंवा विषयाप्रमाणे असते. घडणी, प्रांत अजमास, रोजकीर्द, शाहू दप्तर असे तिचे भाग आहेत. म्हणजे आपले गाव पेशवाईत कोणत्या प्रांतात आणि कोणत्या तर्फेत होते, हे आधी माहीत हवे. आजचा तालुका सांगून काही हाती लागत नाही. जुनी तर्फ इंग्रजी अमदानीतल्या जिल्हा गॅझेटिअरांत बघता येते. ती दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि एशियाटिक सोसायटीत वाचायला मिळतील. पहिले दोन दिवस तिथे घालवले तर पुण्याच्या खेपा वाचतात.

मोडी शिकावीच लागते का?

पाच-दहा कागदांसाठी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. त्याहून जास्त असतील तर शिकाच. अक्षरे ओळखायला काही आठवडे पुरतात, कागद सराईतपणे वाचायला काही महिने लागतात. अडचण अक्षरांपेक्षा मांडणीची असते. आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली लिहिलेले असते, शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. त्यात संक्षेप असतात: राजश्रीसाठी "रा", मौजेसाठी "मौ", तारखेआधी "छ". पेशवेकालीन मोडी सुबक आणि वाचायला त्यातल्या त्यात सोपी. इंग्रजी काळातली बोरूऐवजी टाकाने लिहिलेली मोडी बारीक आणि घाईची असते. सुरुवात पेशवेकालीन कागदांवर करावी.

लिप्यंतर दुसऱ्याकडून घेतलेत तर मूळ कागदाचा फोटो जपून ठेवा. "मालोजी" आणि "माणकोजी" यांत घाईच्या हाताने एखादेच वळण इकडचे तिकडे केलेले असते आणि त्यावर एक अख्खी पिढी अवलंबून असू शकते.

कागदावरचे साल इसवीसनात कसे आणायचे?

शके असेल तर ७८ मिळवा. महिना पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचा असेल तर ७९. राजशक, म्हणजे शिवराज्याभिषेकापासूनचा शक, असेल तर १६७३ मिळवा. तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो. दख्खनी फसलीत (महसुली सनात) ५९० मिळवायचे, जानेवारीपासून ५९१.

सर्वांत जास्त गोंधळ सुहूर सनाचा. तो अरबी आकडे अक्षरांत लिहून देतात आणि मृगाच्या सुमारास बदलतो. समजा कागदावर "इसन्ने सबैन मया व अलफ" आहे. इसन्ने म्हणजे २, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१. कागद जानेवारी ते मे यांतला असेल तर ६०० मिळवून १७७२. एकं आधी, मग दशक, मग शतक असा हा क्रम आहे. एकेरी आकडे पाठ करून टाका: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, आर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. नवख्यांची चूक ठरलेली: सबा आणि सबैन यांत घोटाळा होतो आणि वर्ष साठ-सत्तरने सरकते.

त्र्यंबकेश्वर-काशीच्या पंड्यांकडे काय मिळते?

नामावळी. पूर्वज यात्रेला किंवा श्राद्धाला गेले की उपाध्ये त्यांचे नाव, गाव, वडील, आजोबा, सोबतची माणसे लिहून घेत, काही वेळा यात्रेकरूच्या सहीनिशी. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी आणि गया ही मराठी घराण्यांसाठी मुख्य ठिकाणे. उपाध्ये गाव आणि जातीप्रमाणे वाटलेले असतात, म्हणून तिथे पोहोचल्यावर आधी मूळ गावाचे नाव सांगा, आडनाव नंतर. मुंबईचा पत्ता सांगितलात तर भलत्याच चोपड्या उघडल्या जातील. हरिद्वार, कुरुक्षेत्र अशा उत्तरेकडच्या काही क्षेत्रांच्या चोपड्यांची छायाचित्रे फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात.

चोपडी जुनी झाली की तिची नक्कल नव्या चोपडीत उतरवतात, हे लक्षात ठेवा. नाव समकालीन हाताने लिहिले आहे की नकलेत आले आहे, हे विचारून घ्या. दक्षिणा आनंदाने द्या, पण "तुमचे मूळ अमुक राजाचे" हे त्यानंतर सांगितले गेले तर ते नोंदीपासून वेगळे लिहून ठेवा.

सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातली घराणी असतील तर हेळवींना विसरू नका. सुगीनंतर गावोगाव फिरून घराण्याची वंशावळ सांगणे आणि नव्या जन्मांची नोंद करणे हा त्यांचा परंपरेचा व्यवसाय आहे. ते येतात तेव्हा गावी माणूस हजर हवा. भावकीतल्या कुणालातरी आधी सांगून ठेवा आणि ते सांगत असताना ध्वनिमुद्रण करून घ्या.

आमचे आडनाव मोरे, म्हणजे मौर्य. कदम म्हणजे कदंब. शेलार म्हणजे शिलाहार. हे पुरेसे नाही का?

नाही. आडनाव सारखे असण्याने फार तर शोधाची दिशा मिळते. राजाच्या पदरी असलेले, त्याच्या मुलखात राहणारे, त्याच्या नावाच्या गावचे लोकही तेच नाव लावत. शिवाय एकच आडनाव अनेक जातींत आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक गावांत आढळते. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तेव्हाचे चंद्रराव मोरे ही इतिहासातली माणसे आहेत. तुमची शाखा त्यांच्यापर्यंत नेता आली तर तेच मोठे यश. तिथून मौर्यांपर्यंतच्या अठराशेहून अधिक वर्षांना कागद नाही.

शहाण्णव कुळींच्या याद्यांचेही तसेच. त्या एकाहून अधिक आहेत आणि एकमेकींशी जुळत नाहीत. गोत्र पुष्कळदा पुरोहिताने सांगितलेले असते, एकाच भावकीच्या दोन शाखांत वेगळे निघते. देवक त्यापेक्षा भरवशाचे, कारण लग्न जुळवताना ते दर पिढीत तपासले जाते. पण तेही कुळ सांगते, व्यक्ती सांगत नाही.

जाधव आणि भोसले घराण्यांचे काय?

सिंदखेडच्या जाधवरावांची यादववंशाची परंपरा जुनी आणि आदराने मानली गेलेली आहे. लखुजी जाधवराव १६२९ मध्ये देवगिरीच्याच किल्ल्यात मारले गेले. त्यांच्यापासून खालची वंशावळ चांगल्या आधाराची आहे. त्यांच्यापासून वर, १३१८ पर्यंतची अडीचशे-तीनशे वर्षे, परंपरेच्या भरवशावर आहेत. भोसल्यांचे मेवाडच्या सिसोदियांशी नाते १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी पुढे ठेवले गेले. मुधोळच्या घोरपड्यांकडच्या फर्मानांवर ती मांडणी बरीच टेकलेली आहे आणि त्या फर्मानांच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत एकमत नाही. तुमची शाखा या घराण्यांना जुळत असेल तर ती शहाजीराजे किंवा लखुजींपर्यंत ठामपणे लिहा आणि त्यापुढे "परंपरेनुसार" असे स्पष्ट लिहून तुटक रेघ काढा. त्याने घराण्याला कसलाही कमीपणा येत नाही.

आमचे घराणे मूळ मुंबईचेच. बिंबराजाचा धागा सापडेल का?

पाठारे प्रभू, सोमवंशी क्षत्रिय पाठारे आणि उत्तर कोकणातल्या इतर समाजांत ही परंपरा आहे. तिचा मुख्य आधार महिकावतीची बखर. वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ साली प्रसिद्ध केली. तिच्यातला सर्वांत जुना भाग केशवाचार्यांचा, शके १३७० म्हणजे १४४८चा. बखरीत बाराव्या शतकातला प्रतापबिंब आणि देवगिरीकडून आलेला बिंबदेव असे दोन वेगळे प्रसंग आहेत. सांगोवांगी ते एकात मिसळतात आणि मग दीडशे वर्षांचा फरक पडतो. बखरीत कुळे आणि त्यांना मिळालेली गावे आहेत, बापलेकांच्या पिढ्या नाहीत. म्हणून आपले कुळ बखरीत सापडले तरी साखळी वरून खाली जोडता येत नाही.

शिलाहारांचा पुरावा तर मुंबईकरांच्या दारात आहे. कान्हेरीच्या लेण्यांत त्यांचे नवव्या शतकातले लेख आहेत आणि अंबरनाथच्या देवळातला लेख शके ९८२ म्हणजे १०६०चा. ताम्रपटांवरून त्यांची वंशावळ पहिल्या कपर्दीपासून शेवटच्या सोमेश्वरापर्यंत चांगली लागते. सोमेश्वराचा महादेव यादवाने पराभव केला आणि तो समुद्रात बुडाला. बोरिवलीच्या एकसरमधले वीरगळ त्याच लढाईचे मानले जातात. राजवंशाची वंशावळ तिथे संपते. तिथून आजच्या कुठल्याही घराकडे येणारा लेख नाही.

ईस्ट इंडियन आणि वसईच्या ख्रिस्ती घराण्यांनी कुठे शोधायचे?

चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या रजिस्टरांत. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतली. त्या युद्धात बरीच चर्चे आणि त्यांची दप्तरे गेली. प्रत्येक चर्चचे रजिस्टर त्यामुळे वेगळ्या सालापासून सुरू होते. नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असतात, आणि बाप्तिस्म्याबरोबर मिळालेले पोर्तुगीज आडनाव अनेकदा पाद्री किंवा धर्मपित्याचे असते. त्यावरून पोर्तुगीज रक्ताचा निष्कर्ष काढू नका. बाप्तिस्म्याआधीचे कुळ काही कुटुंबांत अजून तोंडी आठवले जाते. ते लगेच टिपून ठेवा.

वंशात दत्तक असेल तर वंशावळ खोटी ठरते का?

मुळीच नाही. दत्तकाने गोत्र, वतन आणि कुळाचार पुढे जातात, ती खरी वंशपरंपराच आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये कवळाण्याच्या शाखेतून दत्तक आले, कोल्हापूरचे शाहू महाराज १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांकडून. तुमच्या वंशावळीत अशा ठिकाणी दोन्ही रेघा काढा, जन्मदात्याची एक आणि दत्तक घराण्याची एक. दत्तक लपवला की पुढे प्रत्येक कागदाशी विसंगती येते आणि ती का येते तेच कळेनासे होते.

आईकडून, आजीकडून राजघराणे सापडू शकते का?

तीच वाट जास्त फलदायी आहे, आणि लोक तीच सोडून देतात. राजघराण्याच्या मुली शेकडो सरदार आणि देशमुख घराण्यांत दिल्या गेल्या. शिवाजी महाराजांच्या सखूबाई फलटणच्या निंबाळकरांकडे, अंबिकाबाई महाडिकांकडे, राजकुंवर शिर्क्यांकडे. या घराण्यांच्या लेकी पुढे कुठे गेल्या हे शोधले तर मुंबईतल्या कितीतरी घरांची एखादी रेघ तिकडे जाईल. अडचण अशी की वंशावळीत मुलींची नावे गाळलेली असतात. त्यासाठी लग्नखर्चाच्या यादी, आंदण दिलेल्या गावांच्या सनदा आणि सोयरिकीची पत्रे पाहावी लागतात. घरातल्या प्रत्येक आजीचे माहेर, माहेरचे गाव आणि तिच्या आईचे माहेर आजच लिहून काढा. कुठल्याही कार्यालयात ते मिळणार नाही.

डीएनए चाचणीने राजवंश कळतो का?

नाही. तुलना करायला त्या राजांचा खात्रीचा नमुना हवा, आणि दहन झालेल्या राजांचा तो असणार कुठून? नेहमीची चाचणी पाच-सहा पिढ्यांपर्यंतचे नातेवाईक बऱ्यापैकी ओळखते. २७ पिढ्यांमागे पूर्वजांच्या १३ कोटींहून अधिक जागा होतात. जातीतल्या जातीत लग्ने झाल्याने तीच माणसे त्यांत पुन्हा पुन्हा येतात आणि एकेका पूर्वजाचा वाटा मोजण्यापलीकडे जातो. वाय गुणसूत्राची चाचणी एका कामाला उपयोगी आहे: दोन भावक्यांचा मूळपुरुष एकच होता का, हे बापलेकांच्या रेघेने पडताळायला. मध्ये दत्तक असेल तर ती जुळणार नाही.

वंशावळ बनवून देणाऱ्यांवर किती विश्वास ठेवावा?

प्रत्येक नावापुढे कागदाचा प्रकार, साल, दप्तर आणि रुमाल क्रमांक देणाऱ्यावर ठेवा. फक्त चौकटीत बसवलेले राजचिन्ह आणि सोनेरी अक्षरे देणाऱ्यावर नको. जुना म्हणून दाखवलेला कागद तपासायची एक सोपी रीत अशी: शकात १२ मिळवा, ६० ने भागा आणि बाकी पाहा. ती बाकी म्हणजे साठ संवत्सरांतल्या त्या वर्षाच्या संवत्सराचा क्रमांक, पहिल्या म्हणजे प्रभवापासून मोजलेला. शके १५९६ मध्ये १२ मिळवले की १६०८, बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. राज्याभिषेकाचे वर्ष तेच. कागदावर शके एक आणि संवत्सर भलताच असेल तर पुढे वाचण्याआधी थांबा. एखाद्या वर्षाची चूक खऱ्या लेखकाकडूनही होते, वीस वर्षांची होत नाही.

राजवंश सिद्ध झाला तर काही हक्क मिळतो का?

नाही. संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता १९७१च्या २६व्या घटनादुरुस्तीने संपल्या. जात पडताळणीसाठी लागणारी वंशावळ वेगळी असते. ती प्रतिज्ञापत्रावर आणि महसुली व शालेय नोंदींवर चालते, तिथे बखर दाखवून उपयोग नाही.

मिळालेली माहिती कशी ठेवायची?

प्रत्येक माणसाला एक पान द्या. नाव, बाप, आई, गाव, वतन किंवा धंदा, नोंदीचे साल मूळ कागदात जसे आहे तसे, शेजारी इसवीसन, कागद कुठे पाहिला, आणि खात्री किती: पक्के, संभाव्य की ऐकीव. नातवाला आजोबाचे नाव ठेवायची रीत असल्याने मालोजी बाबाजी, बाबाजी मालोजी अशी नावे आलटून पालटून येतात आणि दोन पिढ्या एकात चिकटतात. म्हणून नावापुढे १, २, ३ असे आकडे घाला. घरातले मूळ कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. उन्हापासून दूर, आम्लविरहित कागदात, सपाट ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात लोखंडी कपाटाच्या तळाशी ठेवलेला कागद हमखास बुरसतो, तो वरच्या फळीवर हवा आणि श्रावण सरला की एकदा उघडून वारा द्यायला हवा. फोटो दोन वेगळ्या घरी ठेवा, त्यांतले एक घर गावच्या भावकीतले असू द्या.